छर्रा घ्या, पण नळीला विचारून : दिल्लीतल्या नेमबाज घरांसाठी खर्चाचा हिशेब

“दिल्लीत रायफलची पावडर कुठे मिळते हो?” हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीन-चार मराठी घरांतून आला. विचारणारे सगळे आईबाप. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक घेतलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी घराघरांत पोचलं. त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. ते वाचून पालक हिशेबाला बसले. मुलांनी मात्र परदेशी व्हिडिओ पाहिले. त्यांत माणसं घरच्या टेबलावर रिकाम्या काडतुसात नवी टोपी बसवतात, तराजूवर मोजून दारू भरतात, वर गोळी दाबतात आणि विकतच्यापेक्षा अचूक काडतूस तयार करतात. मग पोरगं म्हणतं, “बाबा, आपणही घरीच भरू. स्वस्तही पडेल.”

उत्तर आधीच देतो : नाही. पण मुलाच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती कळली तर वर्षाला हजारो रुपये वाचतात. हा लेख त्यासाठी आहे. मी फरीदाबादला राहतो, मुलगी चार वर्षं एअर रायफल चालवते आहे, आणि सुरुवातीला मीही चुकीच्या जागी पैसे घातले आहेत.

पावडरचा नाद का सोडायचा

पहिलं कारण कायद्याचं. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. भरायची दारू, काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्या व्याख्येत येतात. लायसन्स नसताना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कुणी ‘ओळखीनं आणून देतो’ म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

दुसरं कारण खेळाचं. दिल्लीत तुमचा मुलगा किंवा मुलगी जे प्रकार खेळणार, ते दोन : १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२ रायफल. एअर रायफलमध्ये दारूच नसते, छर्रा दाबलेल्या हवेवर जातो. .२२च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते आणि मगच गोळी सुटते. चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे हे काडतूस परत भरायचं नसतंच. व्हिडिओतली माणसं मोठ्या बोअरच्या रायफलींचं काडतूस भरत असतात.

तिसरं कारण मनाला लागणारं आहे. आपल्या देशातली बंदुकीची आणि तोफेची दारू ज्या मोजक्या सरकारी कारखान्यांत बनते, त्यांतला एक आपल्या भंडाऱ्याचा. २४ जानेवारी २०२५ला तिथे स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. रोज हेच काम करणारी माणसं, कडक नियम, खास बांधलेल्या इमारती, आणि तरीही हे घडलं. फ्लॅटच्या बाल्कनीत हा खेळ नको.

मुलाचा मुद्दा मात्र बरोबर आहे

घरी काडतूस भरणारे दारू निवडताना ती किती झपाट्यानं जळते आणि प्रत्येक वेळी तशीच जळते का, हे पाहतात. त्यांना प्रत्येक गोळी नळीतून एकाच वेगानं बाहेर पडायला हवी असते. वेग किती याला दुय्यम महत्त्व आहे. वेग सारखा हवा.

याचं मोल आकड्यात पाहा. .२२ची मॅच (स्पर्धेची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते, आवाजापेक्षा किंचित हळू. ५० मीटर जाईपर्यंत ती गुरुत्वाकर्षणानं सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. त्याची भरपाई साइटमध्ये केलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला १० मीटर हळू निघाली, तर ती आणखी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि प्रत्येक ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. म्हणजे नेम बरोबर मधोमध धरूनही १०.९ची गोळी १०.१वर येते. मुलाची चूक नाही, प्रशिक्षकाचीही नाही. काडतुसानं गुण खाल्ले.

१० मीटरला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे पाव मिलिमीटरला एक दशांश गुण. दर फैरीला एवढाच फरक पडला तरी ६० फैरींत सहा गुण गेले. राज्य संघात येणं आणि न येणं याच सहा गुणांत ठरतं.

आपल्याला दारू निवडता येत नाही, पण छर्रा आणि काडतुसाचा लॉट निवडता येतो. आपल्या हातात एवढंच आहे, आणि तेवढं पुरतं.

एअर रायफल : डबीवर काय वाचायचं

२०१६च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपर्यंत शक्ती आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर असलेल्या एअर रायफलला लायसन्स लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण साडेसात जूलची असते, म्हणजे खूपच आत. खरेदीला ओळखपत्र लागतं, ते न्या आणि पावती जपून ठेवा.

स्पर्धेचा छर्रा शिशाचा, चपट्या डोक्याचा असतो. कागदाला तो पंचिंग मशिनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो. डबीवर तीन गोष्टी बघा.

वजन : रायफलसाठी सहसा ०.५३ ग्रॅमचा छर्रा. पिस्तुलाचा हलका असतो. घाईत चुकीची डबी हातात येते, तेव्हा हे आधी वाचा.

डोक्याचं माप : ४.४९, ४.५० असं छापलेलं असतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक, पण नळीला तो कळतो.

लॉट : एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. कंपनी तीच, माप तेच, पण लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, बदलू शकतो.

जर्मनीचे आरडब्ल्यूएसचे ‘आर १०’ आणि एच अँड एनचे ‘फिनाले मॅच’, चेकियाचे जेएसबी ही नावं इथल्या रेंजवर रोज ऐकू येतात. सगळे चांगले आहेत. तुमच्या रायफलला कुठला चांगला, ते मात्र डबीवर लिहिलेलं नसतं.

एक रविवार, चार डब्या

पहिल्या वर्षी मी सगळ्यात महाग डबी आणायचो. मुलीसाठी काटकसर नको, अशी भावना. गुण मात्र एका जागी अडले होते. तेव्हा तिचे सर म्हणाले, “भाईसाहब, डिब्बे से मत पूछिए, नली से पूछिए.”

एका रविवारी सकाळी सरांनी रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट बसवली. आता माणसाचा हात, श्वास, नाडी काही मधे येणार नव्हतं. समोर १० मीटरवर कोरा कागद. चार डब्या होत्या : महाग कंपनीची ४.५०, तिचीच ४.४९, दुसऱ्या कंपनीची मधल्या भावाची ४.४९ आणि सरावाची स्वस्त. प्रत्येक डबी सुरू करताना आधी दहा छर्रे असेच झाडले, नळीतला आधीच्या छर्ऱ्याचा लेप निघावा म्हणून. मग दहा-दहाचे तीन ग्रुप, दर ग्रुपला कागद थोडा सरकवून.

मुलगी कागद काढून आणायची आणि आम्ही खिडकीच्या उजेडात धरून बघायचो. मधल्या भावाच्या डबीनं तिन्ही वेळा तुरीच्या दाण्याएवढं भोक पाडलं, कडा कापल्यासारख्या. महाग ४.५०चं भोक हरभऱ्याएवढं, एका बाजूला ओढलेलं. तिच्याच कंपनीची ४.४९ या दोहोंच्या मधे. स्वस्त डबीच्या दोन ग्रुपमध्ये एकेक छर्रा बाहेर पडलेला, तिसरा मात्र बरा. वर्षभर मी हरभरा विकत घेत होतो, तोही जास्त पैसे मोजून.

मग तिच्या मैत्रिणीची रायफल लावली. मॉडेल तेच. त्या रायफलीला महाग ४.५०च आवडली. म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून डबी घेऊ नका, माझ्याही नाही.

दोन सूचना. एका ग्रुपवर निकाल देऊ नका, पाच छर्रे योगायोगानंही एका भोकात जातात. आणि शिकंजा नसेल, तर चाचणी प्रशिक्षकाच्या हातून टेकू देऊन करून घ्या. मुलाच्या उभ्या नेमातून छर्ऱ्याची परीक्षा होत नाही.

एअर रायफलचा महिन्याचा खर्च

खालचे आकडे हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत. आयात मालाचा भाव युरोबरोबर हलतो. तुमच्या दुकानातला आजचा भाव त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

एका सरावात ६० फैरी आणि साइटर (नेम जुळवायच्या फैरी) धरून १०० छर्रे. आठवड्याला पाच दिवस म्हणजे ५०० छर्रे, म्हणजे एक डबी. महिन्याला चार डब्या.

मॅचची डबी १,५०० रुपयांना धरली, तर छर्रा तीन रुपयांना पडला. चारही डब्या मॅचच्या : ६,००० रुपये.

सरावाची डबी ६०० रुपयांना धरली, तर तीन सरावाच्या आणि एक मॅचची : १,८०० अधिक १,५००, म्हणजे ३,३०० रुपये.

महिन्याचा फरक २,७०० रुपये, वर्षाचा ३२,४००. शिकणाऱ्या मुलानं पहिले सहा महिने स्वस्त छर्रा वापरला तर काही बिघडत नाही. त्या वेळी त्याचा नेमच हरभऱ्यापेक्षा मोठा फिरत असतो. सरासरी गुण स्थिरावले, की स्पर्धेआधीचे शेवटचे दोन दिवस आणि स्पर्धा मॅचच्या छर्ऱ्यावर.

चाचणीचा खर्च वाटून घ्या. चार डब्या एकट्यानं घेतल्या तर ६,००० रुपये. त्याऐवजी चार घरांनी भिशीसारखं करावं : प्रत्येकानं वेगळी एक डबी आणायची, चारही रायफली एकाच सकाळी तपासायच्या, उरलेले छर्रे ज्याच्या नळीला रुचले त्यानं घ्यायचे. दर घराला १,५०० रुपये, आणि छर्रे वायाही जात नाहीत. डबी ठरली की त्याच लॉटच्या आठ-दहा डब्या एकदम घ्या. स्पर्धेच्या तोंडावर लॉट संपला, तर सगळी मेहनत पुन्हा.

रायफल पहिल्या वर्षी क्लबचीच वापरा. आयात मॅच रायफलीची किंमत लाखांत जाते. जुनी घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा, त्याची मुदत ठरलेली असते. मुदत संपत आलेला सिलिंडर म्हणजे लगेच दुसरा खर्च, तो किमतीतून कमी करून घ्या.

.२२ : इथे लॉटच सर्व काही

.२२ला लायसन्स, नोंदी, संघटनेचं सदस्यत्व हे सगळं येतं. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावानं आजही अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा भरते आणि राष्ट्रीय स्पर्धेची वाट बहुतेकांसाठी तिथूनच जाते. तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्यानं उभारली. दिल्लीत राहून हे सगळं तासाभराच्या अंतरावर आहे. कोल्हापूर-सांगलीच्या पालकांना जे मिळवायला रात्रीची गाडी पकडावी लागते, ते आपल्या दाराशी आहे. त्याचा उपयोग करून घ्या.

काडतुसांत ब्रिटनची एली, शिवाय लापुआ आणि आरडब्ल्यूएस ही आयात नावं. प्रत्येकीचे दर्जे असतात : एलीत ‘क्लब’पासून ‘टेनेक्स’पर्यंत, लापुआत ‘सेंटर एक्स’, ‘मिडास प्लस’, ‘एक्स ॲक्ट’. यंत्र बहुधा तेच आणि मालही जवळचा. कारखान्यात तपासून जो लॉट सर्वांत सारखा निघाला, तो वरच्या दर्जाच्या खोक्यात जातो. म्हणून खालच्या दर्जाचा एखादा लॉट तुमच्या नळीत वरच्या दर्जाला हरवू शकतो. एली खोक्यावर लॉटबरोबर वेगही छापते. आधीचा लॉट चांगला गेला असेल, तर तो आकडा वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्या जवळचे लॉट आधी तपासा. एली आणि लापुआच्या स्वतःच्या चाचणी रेंज आहेत. तिथे रायफल नेऊन लॉट निवडता येतो, मोठे खेळाडू तेच करतात.

हिशेब असा. मॅचचं काडतूस ३५ रुपयांना, सरावाचं १५ रुपयांना धरा. महिन्याला १,००० फैरी. सगळ्या मॅचच्या तर ३५,००० रुपये. ७०० सरावाच्या आणि ३०० मॅचच्या : १०,५०० अधिक १०,५००, म्हणजे २१,००० रुपये. चार लॉटची प्रत्येकी एक पन्नासची पेटी तपासली, तर २०० काडतुसं, ७,००० रुपये. महाग वाटतं. पण न तपासता ७०,००० रुपयांची दोन हजार काडतुसं घ्यायची आणि ती नळीला न रुचणं, हे त्याहून कितीतरी महाग. दहा टक्के चाचणीवर घाला, नव्वद टक्के वाया जायचे वाचतील.

इथे लॉट बदलताना दहा छर्ऱ्यांऐवजी पंधरा काडतुसं आधी झाडा. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि नळीत त्याचा थर बसायला वेळ लागतो.

दिल्लीची हवा

जानेवारीत सकाळी तुघलकाबादला बोटं वाकत नाहीत आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. तापमानाबरोबर .२२चा वेग हलतो. म्हणून हिवाळ्यात निवडलेला लॉट उन्हाळ्याच्या स्पर्धेआधी एकदा पुन्हा तपासा. काडतुसं गाडीच्या डिकीत सोडू नका. रेंजवर फायरिंग पॉइंटवर ऊन लागणार नाही अशी सावलीत ठेवा, म्हणजे पहिली आणि साठावी गोळी एकाच तापमानाची राहील.

खरेदीला जाताना

• सील तुटलेली डबी घेऊ नका. घेतलेली डबी तिथेच उघडून चार छर्रे नखावर फिरवा, मागची कड चेपलेली दिसली तर परत करा.

• आयात डबीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असलीच पाहिजे. त्याहून जास्त भाव मागितला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

• बिलावर लॉट क्रमांक लिहून मागा. आधी कुणी लिहीत नाही, मागितल्यावर लिहितात.

• .२२ची काडतुसं लायसन्सवर नोंद करूनच घ्या. कुणाकडून उसनी घेऊ नका, कुणाला देऊ नका.

• दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम म्हणजे तीन वेगळ्या हद्दी. लायसन्स कुठल्या क्षेत्रासाठी आहे ते वाचूनच रायफल सीमेपलीकडे न्या.

• पुण्या-मुंबईचं विमान पकडण्याआधी मुलाची रेंजची बॅग पूर्ण रिकामी करून झटका. खिशात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर थेट पोलिसांपर्यंत नेतं.

• छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. छर्रे तोंडात धरायची सवय लागली असेल, तर आजच मोडा.

आमच्या घरी त्या रविवारचे कागद अजून एका फायलीत आहेत, प्रत्येक भोकाखाली मुलीच्या अक्षरात माप, लॉट आणि तारीख. नवी डबी आणायची झाली की मुलगी आधी ती फाईल उघडते. तुम्हीही एक वही करा. पहिल्या पानावर तुमच्या रायफलचा क्रमांक लिहा आणि येत्या रविवारी तीन शेजारी घरांना बरोबर घेऊन चार डब्या तपासा. दर घराला दीड हजार रुपये लागतील. मुलाच्या नेमबाजीवर तुम्ही जो खर्च करणार आहात, त्यातले हे पहिले दीड हजार ठरवून टाका, बाकीचे कुठे घालायचे ते नळी सांगेल.